स्पॉन्सरशिपची फाइल सोळा महिने अडकलीये, आता काय करू?

तुझा प्रश्न दोनदा वाचला. बाकी वाचणाऱ्यांसाठी थोडक्यात सांगते, म्हणजे कुणाला मागचं शोधायला नको. नवरा कॅनडात ब्रॅम्प्टनला, पीआर म्हणजे तिथला कायमचा रहिवासी आहे. लग्न कोल्हापूरला झालं, तो अठरा दिवस राहिला आणि परत गेला. त्याने तुला तिकडे बोलवायची, म्हणजे स्पॉन्सरशिपची फाइल भरून १६ महिने झाले, चौथ्या महिन्यात स्पॉन्सर म्हणून तो अप्रूव्ह झाला, सहाव्या महिन्यात मेडिकल झालं, आणि तेव्हापासून ऑनलाइन ट्रॅकरवर बॅकग्राउंड चेक 'इन प्रोग्रेस' एवढंच दिसतंय. "आता जायचंच आहे" म्हणून तू सहकारी बँकेतली नोकरी लग्नाआधीच सोडलीस आणि सध्या सासरी इचलकरंजीत आहेस. एका एजंटने तीन लाखात फाइल पुश करून देतो म्हणून सांगितलंय. नवरा म्हणतो विड्रॉ करून नव्याने भरू, नाहीतर मीच सगळं सोडून येतो. आणि बँकेने परत बोलावलंय तर जाऊ की नको, हा शेवटचा प्रश्न.

मी इकडे मिसिसागात लायसन्स्ड इमिग्रेशन कन्सल्टंट आहे, चौदा वर्षं झाली, निम्म्याहून जास्त फाइली नवरा-बायकोच्याच. आणि त्याआधी मी स्वतः सांगलीत बसून चौदा महिने काढलेत, त्यामुळे दोन्ही बाजू माहितीयेत.

आधी विड्रॉचं, कारण ते उद्या सकाळी करून बसाल. अजिबात नाही. फाइल मागे घेतली की सोळा महिन्यांचा नंबर गेला, प्रोसेसिंगची फी गेली, स्पॉन्सरचं अप्रूव्हल गेलं, आणि नवीन फाइल आजच्या रांगेच्या शेवटी जाऊन उभी. फी पण कमी नाही, ३० एप्रिल २०२४ ला वाढली तेव्हा स्पॉन्सरशिप, प्रोसेसिंग आणि राइट ऑफ पीआर (पीआर मिळण्याची फी) मिळून १,२०५ डॉलर झाली होती, बायोमेट्रिक्सचे (बोटांचे ठसे आणि फोटो) ८५ वेगळे. नव्याने भरण्यात अर्थ कधी असतो, तर मूळ फाइलच चुकीच्या कॅटेगरीत गेलीये किंवा रिफ्यूज होणार हे स्पष्ट दिसतंय तेव्हा. तुझ्या केसमध्ये तसं काहीच दिसत नाही.

आता "आमचं काय चुकलं". बहुतेक काहीच नाही. हे मी समजूत घालायला म्हणत नाहीये, नीट ऐक. उशीर दोन जातीचा असतो. एक रांगेचा उशीर आणि दुसरा अडकलेल्या फाइलचा उशीर. बाहेरून दोन्ही एकसारखेच दिसतात, ट्रॅकर दोन्हीला 'इन प्रोग्रेस'च म्हणतो. पण रांगेच्या उशीराला तू काही करू शकत नाहीस आणि अडकलेल्या फाइलला करू शकतेस, आणि लोक नेमकं उलटं करतात, रांगेत असलेल्या फाइलच्या मागे रात्रंदिवस लागतात आणि अडकलेल्या फाइलला "येईल हो" म्हणून सोडून देतात.

रांग का वाढली ते बघ. कॅनडा सरकार दरवर्षी लेव्हल्स प्लॅन काढतं, कुठल्या कॅटेगरीत किती माणसं घ्यायची ते त्यात ठरतं. जोडीदार आणि मुलं मिळून २०२४ चं टार्गेट ८२,००० होतं, ऑक्टोबर २०२४ मध्ये जो प्लॅन आला त्यात २०२५ साठी ते ७०,००० वर आणलं. लग्नं काही १२,००० ने कमी झाली नाहीत ना. अर्ज येतच राहिले आणि दार अरुंद झालं, म्हणजे ऑफिसरने तुझी फाइल बघून ओके म्हटलं तरी जागा होईपर्यंत ती थांबू शकते. आपल्या लोकांच्या बाबतीत अजून एक, २०२३ च्या ऑक्टोबरमध्ये भारत-कॅनडा वादात कॅनडाने ४१ डिप्लोमॅट परत बोलावले आणि भारतातला इमिग्रेशनचा स्टाफ २७ वरून ५ वर आला. अर्ज-पासपोर्ट जमा करायची व्हीएफएस सेंटरं चालू राहिली म्हणून लोकांना वाटलं काही फरक नाही, पण व्हीएफएस म्हणजे नुसती खिडकी, निर्णय तिथे होत नाहीत. आणि इमिग्रेशन विभागाचं स्वतःचं ठरवलेलं माप आहे बारा महिन्यांचं, तेसुद्धा ८० टक्के फाइलींसाठी. म्हणजे पाचातली एक फाइल बारा महिन्यांच्या पुढे जाणार हे त्यांनी आधीच धरलंय. त्या पाचव्या फाइलमध्ये आपण असलो की आपल्याला वाटतं जगात आपलंच असं झालं.

(नवरा मॉन्ट्रियलला असता तर गोष्ट वेगळी होती. तिथल्या क्विबेक प्रांताने २६ जून २०२४ ते २५ जून २०२६ या काळासाठी फॅमिलीच्या अर्जांवर १३,००० ची मर्यादा घातली, तिथल्या लोकांची वाट बघणं ऐकलंस तर तुझे सोळा महिने तुला बरे वाटतील. ब्रॅम्प्टन ओंटॅरियो प्रांतात, तिथे हे लागू नाही.)

मग आपली फाइल रांगेत आहे की अडकलीये हे कळणार कसं? जीसीएमएस नोट्स मागवायच्या. जीसीएमएस म्हणजे त्यांची आतली सिस्टम, ऑफिसर फाइल उघडून जे काही करतो त्याची नोंद तिथे पडते. नवरा कॅनडात आहे, त्याने अ‍ॅक्सेस टू इन्फर्मेशनची (आपल्या माहिती अधिकारासारखी) रिक्वेस्ट टाकायची, फी ५ डॉलर, आणि तुझा सही केलेला संमतीचा फॉर्म जोडायचा, तो फॉर्म आयएमएम ५७४४. कायद्यात ३० दिवस आहेत, जास्तही लागतात. पाच डॉलर! आणि लोक हे न करता एजंटला तीन लाख द्यायला निघतात.

नोट्स आल्या की चाळीसेक पानं बघून घाबरू नकोस, त्यात निम्मं तुझंच भरलेलं परत छापलेलं असतं. तू चार गोष्टी शोध. एलिजिबिलिटी (पात्रता), मेडिकल, क्रिमिनॅलिटी (गुन्ह्यांची तपासणी) आणि सिक्युरिटी, प्रत्येकासमोर काहीतरी लिहिलेलं असेल, पास्ड, इन प्रोग्रेस, नॉट स्टार्टेड वगैरे. मग शेवटची अ‍ॅक्टिव्हिटी कुठल्या तारखेची आहे ते बघ. एलिजिबिलिटी पास, मेडिकल पास, क्रिमिनॅलिटी पास आणि सिक्युरिटीची नोंद दोन-तीन महिन्यांपूर्वीची, तर ती रांग आहे, देवाचं नाव घे आणि आपल्या कामाला लाग. पण एलिजिबिलिटी 'रिव्ह्यू रिक्वायर्ड' आणि नऊ महिने कुणी हातच लावला नाहीये, किंवा ऑफिसरने एखादी शंका लिहून ठेवलीये आणि तुम्हाला पत्रच आलं नाही, तर ती अडकलेली फाइल.

अडकण्याची कारणं बहुतेक वेळा इतकी साधी असतात की डोक्याला हात लावायची पाळी येते. दोन सांगते.

एक मुलगी होती, बी.ए. झाल्यावर दोन वर्षं पुण्यात एमपीएससीची तयारी करत होती. सदाशिव पेठेत कॉट बेसिसवर राहायची, दिवसभर अभ्यासिका, संध्याकाळी मेस. फॉर्मात मागच्या दहा वर्षांचा हिशोब महिन्या-महिन्याने द्यायचा असतो, शिक्षण, नोकरी, बेकारी सगळं, मध्ये गॅप चालत नाही. हिने ती दोन वर्षं सोडून दिली, कारण "त्यात काय लिहायचं, पास तर झालेच नाही". आणि पत्त्यांच्या यादीत गावाकडचाच पत्ता. आता ऑफिसरच्या डोळ्यांनी बघ, चोवीस महिने ही बाई कुठे होती कुणालाच माहीत नाही. सात महिने फाइल तिथेच उभी. आम्ही नोट्स मागवल्या, एक पानाचं पत्र लिहिलं, अभ्यासिकेची पावती आणि परीक्षेचं हॉल तिकीट जोडलं, पुढच्या दोन महिन्यांत सिक्युरिटी क्लिअर झाली.

दुसरी जिल्हा परिषद शाळेत शिक्षिका. शेड्यूल ए, म्हणजे मागच्या आयुष्याची माहिती द्यायचा फॉर्म, त्यात प्रश्न असतो की तुम्ही कधी सरकारी पदावर होता का. तिला वाटलं सरकारी पद म्हणजे कलेक्टर, तहसीलदार, शिक्षिकेचं काय एवढं. "नाही" असं टिक केलं आणि खाली नोकरीच्या रकान्यात स्वतःच झेडपी लिहिलं. एकाच फॉर्मात दोन उत्तरं. विभागाकडून प्रोसिजरल फेअरनेस लेटर आलं, म्हणजे "तुम्ही खोटं बोललात असं आम्हाला वाटतंय, उत्तर द्या". ते सुटलं, पण ते पत्र वाचताना तिच्या सासऱ्यांचं बीपी वाढलं ते वेगळंच.

आणि तिसरी मी स्वतः. आमच्याकडे लग्नात तांदळात नाव लिहायची पद्धत आहे, माझं माहेरचं नाव वेगळं आणि सासरचं वेगळं. माझा पासपोर्ट माहेरच्या नावाचा, बापाचं नाव मधे, बापाचं आडनाव. आमच्या ह्यांनी इकडे बसून स्पॉन्सरशिपचा फॉर्म भरला तो सासरच्या नावाने, कारण घरात सगळे मला तशीच हाक मारायचे. फाइल एक, बायका दोन! खुलाशाचं पत्र आलं ते पोस्टाने ह्यांच्या जुन्या अपार्टमेंटला, ते घर बदललं होतं आणि पत्ता कळवला नव्हता. साडेतीन महिने असेच गेले. म्हणून आज माझ्याकडे फाइल आली की मी पहिलं पासपोर्ट, मॅरेज सर्टिफिकेट, आधार आणि शाळेचा दाखला शेजारी शेजारी ठेवते आणि नावं मोठ्याने वाचते. तू पण आज एवढं कर. चारही ठिकाणी नाव सारखं नसेल तर "ही सगळी नावं एकाच व्यक्तीची" असं अ‍ॅफिडेव्हिट करून विभागाच्या साइटवरच्या वेबफॉर्मने पाठवून दे, कुणी विचारायची वाट बघू नकोस. आणि एक, फाइल चालू असताना हौसेने पासपोर्टवर नाव बदलायला जाऊ नकोस. पासपोर्ट संपतच आला असेल तर रिन्यू कर आणि नवीन नंबर लगेच कळव, पण नाव तेच राहू दे, बदलायचं ते लँडिंगनंतर, म्हणजे इथे पीआर म्हणून उतरल्यावर निवांत बदल.

वेबफॉर्म कसा लिहायचा हे पण सांगते, कारण लोक तिथे काय काय लिहितात ते मी बघितलंय. "आम्ही खूप दुःखी आहोत, आईची तब्येत बरी नाही, कृपा करून लवकर करा" असं दोन पानं, दर सोमवारी. ते वाचणारा माणूस तुझ्या फाइलचा ऑफिसर नसतो, तो फक्त वाचून कुठे पाठवायचं ते ठरवतो. पाच ओळी पुरतात: अर्ज नंबर, यूसीआय (विभागाने तुला दिलेला क्लायंट नंबर), अर्जाची तारीख, नोट्सनुसार अमुक गोष्ट अमुक तारखेपासून तशीच आहे, आमच्याकडून काही हवं आहे का. सोबत काही द्यायचं असेल तर एकाच पीडीएफमध्ये. दोन-तीन महिन्यांतून एकदा, त्याहून जास्त नाही.

वेबफॉर्मला ढिम्म हलले नाहीत तर एमपीचं ऑफिस. नवरा जिथे राहतो त्या राइडिंगचा, म्हणजे मतदारसंघाचा खासदार, त्याच्या ऑफिसात इमिग्रेशनच बघणारा माणूस असतो, ब्रॅम्प्टनमध्ये तर त्यांचं अर्धं काम तेच असेल. पीआरला मत नसतं तरी ते मदत करतात, फुकट. आपल्याकडे आमदाराकडे जाताना ओळख लागते, कुणाचं तरी पत्र लागतं, त्यामुळे आपली मुलं इथे जायला संकोचतात. काही लागत नाही, फोन करायचा, संमतीचा फॉर्म भरायचा. ते फाइल पुढे ढकलू शकत नाहीत हे मात्र लक्षात ठेव, ते फक्त आतून विचारू शकतात, आणि कधीकधी नुसतं कुणीतरी विचारलं एवढ्यानेच कपाटातली फाइल टेबलावर येते.

त्याच्या पुढची पायरी म्हणजे फेडरल कोर्टात मँडामस. कोर्टाने विभागाला सांगायचं की निर्णय द्या, हो किंवा नाही, पण द्या. कोर्टाची फी ५० डॉलर आहे पण वकिलाची काही हजारांत जाते, आणि हे काम वकीलच करू शकतो, माझ्यासारखी कन्सल्टंट नाही, म्हणजे यात माझा काही फायदा नाहीये. कोर्ट साधारण तीन गोष्टी बघतं: अशा कामाला स्वाभाविक लागेल त्यापेक्षा जास्त वेळ लागलाय का, त्याला अर्जदार जबाबदार आहे का, आणि विभागाकडे पटेल असं कारण आहे का. सोळा महिन्यांवर मी हे करायला सांगणार नाही. दोन वर्षं होऊन गेली, नोट्समध्ये काहीच हालचाल नाही आणि एमपीला पण तेच तेच उत्तर, तेव्हा बघू.

एजंटबद्दल एकच. पुश करणारा माणूस अस्तित्वात नाही. पैसे घेऊन कॅनडाचं इमिग्रेशनचं काम करायला वकील किंवा लॉ सोसायटीचा पॅरालीगल, क्विबेकचा नोटरी किंवा कन्सल्टंट्स कॉलेजचा (आम्हाला लायसन्स देणारी संस्था) मेंबर, एवढ्यांनाच परवानगी आहे आणि कॉलेजचं रजिस्टर ऑनलाइन सगळ्यांना बघता येतं, नाव टाकून बघ. तो फार तर तुझ्या नावाने वेबफॉर्म भरेल, आणि त्यात जर काही भलतंच लिहिलं तर त्याची जबाबदारी तुझी. खोटी माहिती सिद्ध झाली की पाच वर्षांची बंदी आहे.

मेडिकल तुझं सहाव्या महिन्यात झालं, ते बारा महिने चालतं, म्हणजे अजून दोन महिन्यांनी संपणार. यावर बायका घाबरून परत पॅनेल डॉक्टरकडे (विभागाने नेमलेल्या डॉक्टरकडे) जातात आणि पैसे भरतात. थांब. ते स्वतः कळवतात, एकतर जुनंच वाढवतात नाहीतर परत करायला पत्र पाठवतात, पत्र आलं की जा. लहानपणी टीबी झाला असेल किंवा एक्सरेत जुना डाग असेल तर मात्र आधीच डॉक्टरांना जुने रिपोर्ट दाखव, कारण थुंकीच्या कल्चरला दोन महिने आरामात जातात. बाकी आजारांची फार काळजी करू नकोस, सरकारी दवाखान्यांवर जास्त खर्चाचा बोजा पडेल म्हणून नाकारायचा जो नियम आहे तो स्पॉन्सर केलेल्या जोडीदाराला लागत नाही.

आणि हो, तो सुट्टीवर आला आणि दिवस राहिले तर (हसू नकोस, माझ्याकडे वर्षाला चार-पाच केसेस असतात) दोन गोष्टी. एक्सरे बाळंतपणानंतरपर्यंत पुढे ढकलता येतो, डॉक्टरांना स्पष्ट सांगायचं. आणि बाळ झालं की त्याच आठवड्यात कळवायचं. नवरा पीआर आहे, सिटिझन नाही, म्हणजे बाळाला आपोआप कॅनडाचं नागरिकत्व मिळणार नाही, त्याला फाइलमध्ये अ‍ॅड करावं लागतं. "फाइल अजून लांबेल" म्हणून बाळ लपवणारे लोक आहेत. न दाखवलेलं मूल नंतर स्पॉन्सर करायला गेलं की नियम ११७(९)(ड) आडवा येतो, तेव्हा रडून उपयोग नसतो. दोन-चार महिने लांबू दे.

आता नवरा "सगळं सोडून येतो" म्हणतोय ते. त्याच्या भावना मला कळतात, पण पीआर स्पॉन्सरला कॅनडात राहत असणं सक्तीचं आहे, सिटिझनला सवलत आहे, पीआरला नाही. नोकरी सोडून, घर सोडून तो सहा-आठ महिने इचलकरंजीला येऊन राहिला तर स्पॉन्सर म्हणून त्याची पात्रताच गेली. तीन-चार आठवड्यांची सुट्टी काढून यावं, नक्की यावं. तो अठरा दिवस राहून गेला आणि पुन्हा आलाच नाही हे ऑफिसरच्या नजरेत भरतं. येईल तेव्हा बोर्डिंग पास फेकू नका. देवळात, लग्नात, शेतावर, चारचौघांत फोटो काढा, फक्त दोघांचे फिल्टर लावलेले नकोत.

त्यापेक्षा चांगलं म्हणजे तू व्हिजिटर व्हिसा टाक. "पीआरची फाइल चालू असताना व्हिजिटर मिळत नाही" हे सगळीकडे ऐकू येतं, ते चूक आहे. पुढे कायम राहायचा इरादा असणं आणि सध्या तात्पुरतं येणं या दोन्ही गोष्टी एकत्र चालतात असं त्यांच्या कायद्यातच आहे, कलम २२(२). मे २०२३ मध्ये तेव्हाचे इमिग्रेशन मंत्री शॉन फ्रेझर यांनी जाहीर केलं की स्पॉन्सर केलेल्या जोडीदारांचे व्हिजिटर अर्ज वेगळ्या पद्धतीने बघायचे आणि बहुतेकांचा निकाल ३० दिवसांत द्यायचा प्रयत्न करायचा. त्याच वेळी, आधीच कॅनडात येऊन नवऱ्याबरोबर राहणाऱ्यांना ओपन वर्क परमिटचा (कुठेही नोकरी करायच्या परवान्याचा) रस्ताही मोकळा केला. गॅरंटी नाही, रिफ्यूजही होतात, पण टाकायलाच हवा. कव्हर लेटरमध्ये पहिल्याच परिच्छेदात लिही की स्पॉन्सरशिप चालू आहे, हा त्याचा नंबर, इतके आठवडे यायचंय, मुदत संपली की परत जाईन. "फिरायला जातेय, नायगारा बघायचाय" असलं काही लिहू नकोस, त्यांना तुझी फाइल एका क्लिकवर दिसते.

कागदपत्रांच्या बाबतीत अजून एक. नातं खरं आहे याचे पुरावे फाइल भरताना दिले की संपलं असं नसतं, ते वाढत राहायला पाहिजेत. आमचं अरेंज्ड मॅरेज आहे, पत्रिका बघून जमलं, साखरपुड्याआधी दोनदाच भेटलो, हे सांगायला लाजायचं कारण नाही, इथल्या ऑफिसरनी अशा हजारो फाइली बघितल्यात. त्यांना खटकतं ते लग्नानंतर काहीच घडत नाही तेव्हा. त्याच्या कंपनीच्या इन्शुरन्समध्ये तुझं नाव लागलंय का? तुझ्या एलआयसीला, पीएफला नॉमिनी अजून बाबाच आहेत का? बदल. मी नॉमिनीचा कागद फोटोंच्या आधी लावते, कारण माणूस खोट्या लग्नात पैशाचा वारस बदलत नाही. तू पहिली संक्रांत, मंगळागौर, दिवाळसण सगळं सासरी नवऱ्याशिवाय केलंस असं लिहिलंयस आणि त्याचंच तुला वाईट वाटतंय. वाटणारच. पण सासू तुला ओवाळतीये, जाऊबाई शेजारी आहे, नवरा मागे फोनच्या स्क्रीनवर दिसतोय, तो फोटो मला दे, मी तो पहिल्या पानावर लावेन.

आता जे कागदावर येत नाही त्याबद्दल. "व्हिसा आला का?" हा प्रश्न. हळदीकुंकवाला, भाजी मंडईत, मामेबहिणीच्या बारशाला, जिथे जाशील तिथे. मी पहिले सहा महिने प्रत्येकीला सविस्तर सांगायचे, मग अर्ध्यातच त्यांचं लक्ष उडायचं आणि वर "अमक्याच्या सुनेचा तर चार महिन्यांत आला" हे ऐकावं लागायचं. नंतर एक वाक्य पाठ केलं, "आला की पेढे आणते", आणि लगेच त्यांच्या मुलाच्या अभ्यासाचं विचारायचं. चाललं. सासूबाई बोलतात ते मात्र बहुतेक त्यांच्याच भीतीतून येतं, मुलगा लांब, सून घरात आणि लोक त्यांना पण विचारतात. तुझ्या नोट्स येतील तेव्हा त्यांना शेजारी बसवून मराठीत समजावून सांग, कुठला टप्पा झाला, कुठला राहिला. माझ्या अनुभवात निम्मे टोमणे तिथेच थांबतात, कारण तोपर्यंत त्यांना वाटत असतं की तुम्ही दोघं त्यांच्यापासून काहीतरी लपवताय.

आणि फोन. उन्हाळ्यात साडेनऊ तासांचं अंतर, थंडीत साडेदहा, तो वेअरहाउसची रात्रपाळी करत असेल तर तुझी सकाळ म्हणजे त्याचा ब्रेक. रोज फोन व्हायलाच पाहिजे अशी सक्ती केली की आठव्या महिन्यानंतर त्या फोनवर फक्त फाइल असते. "ट्रॅकर बघितलास का", "मेल केलास का", मग भांडण, मग दोन दिवस अबोला. आमचं तर एकदा पंधरा दिवस बोलणं बंद होतं, कारण काय तर ह्यांनी एक फोटोकॉपी स्कॅन करायला उशीर केला. फाइलसाठी आठवड्यातला एकच वार ठरवा, समजा रविवार. ट्रॅकर पण त्याच दिवशी उघडायचा, एकानेच. बाकी दिवशी काय जेवलास, कोण भेटलं, रूममेटने काय घाण करून ठेवलीये, एवढंच बोला. आणि तो मालिका बघत नसेल तर त्याला बघायला लाव, खरंच सांगते, दोघांनी एकच भाग आपापल्या वेळेला बघायचा आणि दुसऱ्या दिवशी त्या सासूला शिव्या घालायच्या, याने माझ्या कितीतरी क्लायंट्सची वर्षं निघालीत.

राहिलं बँकेचं. जा. उद्याच जा. तुला भीती आहे की जॉइन झाले आणि पुढच्याच महिन्यात व्हिसा आला तर लोक काय म्हणतील. पासपोर्ट मागवण्याचा मेल आला की दुसऱ्या दिवशी विमानात बसावं लागत नाही, व्हिसावर लँडिंगची शेवटची तारीख दिलेली असते आणि ती साधारण मेडिकल किंवा पासपोर्टच्या मुदतीला बांधलेली असते, एक महिन्याचा नोटीस पीरियड त्यात आरामात बसतो. मॅनेजरला जॉइन होतानाच सांगून ठेव की फाइल चालू आहे, त्यांनी तरीही बोलावलंय म्हणजे त्यांना माणूस हवाय. आणि आलीस की इथे नोकरी शोधताना बायोडेटात दीड वर्षाची रिकामी जागा दिसण्यापेक्षा बँकेचं लेटरहेड दिसलेलं बरं. फक्त जॉइन झाल्याची तारीख आणि पद वेबफॉर्मने कळव, सहकारी बँक आहे, सरकारी नाही, हेही एका वाक्यात लिही.